भुरी काकडीवर, राग गुलाबावर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पुण्यात राहणारे एक निवृत्त गृहस्थ गेली चार वर्षे इमारतीच्या गच्चीवर भाजीपाला लावतात. वीसेक ग्रो बॅगा, कठड्याला लागून बांधलेला मांडव, त्यावर काकडी, दोडका आणि दुधी, शेजारी भेंडी आणि थंडीत थोडा वाटाणा, असा त्यांचा पसारा आहे. एकेका बॅगेत तीन-तीन वेल आहेत आणि दर आठवड्याला ते त्यांना जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले पातळ खत) व शेंगदाणा पेंडीचे पाणी देतात. नोव्हेंबर लागला की पानांवर पिठासारखा पांढरा थर चढतो आणि महिनाभरात वेल वाळतात, हा त्यांचा दर वर्षीचा अनुभव. यंदा ऑगस्टमध्येच दोडक्याची पाने पिवळी पडून करपली, तेव्हा रोग या वेळी लवकर आला असे त्यांनी समजून घेतले. त्यांनी निंबोळी तेल फवारले, खाण्याचा सोडा फवारला, रोज संध्याकाळी नळीने पाने धुतली, पांढऱ्या पानांवर आलेले पिवळे किडे तंबाखूच्या पाण्याने मारले आणि अखेर पांढरे दिसेल ते प्रत्येक पान खुडून टाकले. शेजारच्या बाईंच्या गुलाबांवरही असाच थर आहे. रोग तिथूनच येतो अशी त्यांची खात्री असून कुंड्या हलवण्यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला आहे. एका दुकानातून त्यांना आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणाऱ्या, बुरशीनाशकाची बाटली मिळाली आहे, पण पाच वर्षांची नात वेलीवरची काकडी तोडून तशीच खाते, म्हणून ती उघडण्याचे धाडस होत नाही. त्यांचे प्रश्न तीन आहेत: नेमके कोणते औषध मारावे, रोगट वेलीची काकडी खावी का आणि रसायन नको असेल तर भाजी लावणेच सोडावे का?

नमस्कार.

तुमचे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मी सावकाश पाहिली. बहुतेक पत्रांत 'झाडाला काहीतरी झाले आहे, उपाय सांगा' एवढेच असते. तुम्ही मात्र काय केले, कधी केले आणि त्यानंतर काय दिसले हे ओळीने लिहिले आहे आणि त्यामुळेच तुमची गफलत कुठे झाली हे मला सांगता येते. तुम्ही औषधाचे नाव विचारता. परंतु औषध कशावर मारायचे हे अजून ठरलेले नाही. ऑगस्टमध्ये दोडक्यावर आलेला रोग आणि नोव्हेंबरमध्ये काकडीवर आलेला रोग हे एकाच रोगाचे लवकर आणि उशिरा येणे नव्हे. ते दोन वेगळे रोग आहेत, त्यांना हवी असलेली हवा वेगळी आहे, आणि एकाचे औषध दुसऱ्यावर चालत नाही.

नोव्हेंबरचा पांढरा थर म्हणजे भुरी. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हे नाव तोंडपाठ असते आणि कोकणात आंब्याच्या मोहरावर हीच जातकुळी जानेवारी-फेब्रुवारीत येते. भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर जाळे पसरते आणि पानाच्या वरच्या पेशींत सूक्ष्म चूषके खुपसून अन्नरस ओढते. तिचे वैशिष्ट्य असे की बीजाणू रुजण्यासाठी पानावर पाण्याचा थेंब असावा लागत नाही. उलट पाणी साचले तर बीजाणूंचे नुकसानच होते. कोरडे दिवस, दमट रात्री, वीस ते सत्तावीस अंशांच्या आसपासचे तापमान, दाट पाने आणि सावली एवढे मिळाले की तिचे भागते, आणि बीजाणू पडल्यापासून आठवड्याच्या आत नवा पांढरा ठिपका दिसू लागतो. दिवाळीनंतरची पुण्याची हवा नेमकी अशीच असते.

ऑगस्टचा रोग म्हणजे केवडा, ज्याला द्राक्षवाले 'डाऊनी' म्हणतात. त्याचा कर्ता दिसायला बुरशीसारखा असला तरी शास्त्रीय वर्गीकरणात तो खरी बुरशी मानला जात नाही. नात्याने तो शेवाळांच्या अधिक जवळचा आहे, आणि त्याला पाणी लागतेच. पान काही तास सलग ओले राहिले की तो आत शिरतो. म्हणून श्रावणझडीत दोडका, काकडी आणि कारले यांच्यावर तो हमखास येतो आणि ऊन पडून हवा कोरडी झाली की मागे हटतो. तुमच्या दुसऱ्या छायाचित्रातील दोडक्याच्या पानावरचे पिवळे डाग गोल नाहीत, शिरांच्या मध्ये अडकलेले, कोन असलेले चौकोनी-तिकोनी तुकडे आहेत. हीच त्याची खूण.

पुढच्या वेळी शंका आली तर सकाळी साडेसहा-सातला, दव उडण्यापूर्वी गच्चीवर जा आणि संशयित पान खालून उलटून पाहा. केवडा असेल तर वरच्या पिवळ्या डागाच्या बरोबर खाली राखाडी-जांभळट, मखमलीसारखी बारीक लव दिसेल; पोस्टाची तिकिटे पाहायचे साधे भिंग त्यासाठी पुरेसे आहे. ऊन चढले की ती लव विरळ होते आणि दुपारी पाहणाऱ्याला फक्त पिवळे पान दिसते. भुरी असेल तर पानाच्या वरच्या बाजूवर अंगठा फिरवा: पांढरी पूड बोटाला लागते आणि खाली हिरवे किंवा किंचित पिवळसर पान उघडे पडते. मिरची आणि टोमॅटो लावणाऱ्या वाचकांनी मात्र एवढे लक्षात ठेवावे की त्यांच्यावरची भुरी पुष्कळदा पानाच्या खालच्या बाजूला असते, वर फक्त पिवळे चट्टे दिसतात आणि पाने गळू लागतात.

पांढरे ते सगळे भुरी नसते, हेही इथेच सांगायला हवे. तांबड्या भोपळ्याच्या आणि झुकिनीच्या काही वाणांच्या पानांवर शिरांच्या कडेने चंदेरी नक्षी जन्मजात असते. ती बोटाने पुसली जात नाही. माझ्या बाल्कनीतल्या पहिल्या भोपळ्याची सात-आठ धडधाकट पाने मी याच गैरसमजातून खुडली होती. शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटची धूळ बसते, बोअरच्या जड पाण्याचे डाग पडतात, देठांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण कापसासारखा बसतो. तुमच्या छायाचित्रांतला थर भुरीचाच आहे याविषयी मला शंका नाही, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांनी आधी अंगठा फिरवून पाहावा आणि मग फवाऱ्याला हात घालावा.

आता गुलाबांविषयी. तुमची खात्री मला समजते, कारण दोन्हीकडचा पांढरा थर डोळ्यांना अगदी एकसारखा दिसतो. परंतु भुरी हे एका बुरशीचे नाव नाही. ते एका मोठ्या कुळाचे नाव आहे आणि त्या कुळातील बहुतेक बुरशी आपापल्या यजमान वनस्पतींना धरून राहतात. गुलाबावरची भुरी गुलाबाच्या आणि त्याच्या नातलगांच्या पलीकडे जात नाही. काकडी, दुधी आणि भोपळ्यावर येणारी भुरी वेगळी आणि वाटाण्यावरची त्याहून वेगळी. तेव्हा गुलाबाच्या कुंड्या गच्चीवरून थेट तळमजल्यावर नेल्या असत्या तरी तुमच्या काकडीच्या एका पानाचाही बचाव झाला नसता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे हे झाले आहे. भुरीचे बीजाणू वाऱ्यावर दूरदूरवर जातात. तुमच्या काकडीवरची भुरी शहराच्या कडेच्या एखाद्या शेतातून किंवा कुंपणावर आपसूक उगवलेल्या एखाद्या वेलीवरूनही आली असेल. ती कुठून आली हे शोधून काढणे शक्य नाही आणि त्याचा उपयोगही नाही. आल्यावर तिला तुमच्या मांडवावर इतके सुखाचे का वाटते, हा प्रश्न अधिक कामाचा आहे.

त्याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पंधरा इंची बॅगेत तीन वेल, मांडव कठड्याला चिकटलेला आणि दर आठवड्याला जीवामृत व पेंडीचे पाणी. जीवामृताविषयी मला आकस नाही, पण 'सेंद्रिय आहे, कितीही घातले तरी बाधत नाही' ही समजूत घरोघरच्या बागांत भुरीला मोठा हातभार लावते. पेंडीच्या पाण्यातून नत्र मिळते. नत्र जास्त झाले की पाने मोठी, मऊ आणि दाट होतात, आणि मऊ कोवळ्या पानात चूषके सहज शिरतात. बॅगेतली माती दुपारपर्यंत सुकून वेल माना टाकत असतील तर भर पडते, कारण तहानेने त्रासलेला वेल भुरीला लवकर बळी पडतो. फुले लागल्यापुढे पेंडीचे पाणी महिन्यातून एकदा पुरे. एका बॅगेत एकच वेल ठेवा. मांडव कठड्यापासून हातभर पुढे ओढा, म्हणजे वारा दोन्ही बाजूंनी खेळेल. काकडीला आडव्या मांडवापेक्षा उभी जाळी अधिक मानवते, कारण जाळीवर खालच्या पानांनाही ऊन लागते. भुरी जवळजवळ नेहमी सावलीतल्या, जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होते. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या.

रोज संध्याकाळी पाने धुण्याचा तुमचा उपाय अर्धा बरोबर आणि अर्धा उलटा आहे. पाण्याने भुरीचे बीजाणू धुतले जातात हे खरे, आणि थंडीतल्या कोरड्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास पाने वरून-खालून धुतली, म्हणजे तासाभरात ती वाळतील, तर त्याचा थोडा फायदाही होतो. मात्र संध्याकाळी धुतलेली पाने रात्रभर ओली राहतात, मांडवाखाली दमटपणा साचतो, आणि पावसाळ्यात हेच केले तर केवड्याला घरचे आमंत्रण जाते. ऑगस्टमध्ये पिवळे डाग दिसल्यावर तुम्ही धुणे वाढवले आणि आठ दिवसांत दोडका गेला असे लिहिले आहे. त्यातला किती भाग पावसाचा आणि किती नळीचा हे सांगता येणार नाही, पण नळीने मदत केली नाही एवढे नक्की.

सोड्याचा प्रकार अधिक नुकसानीचा झाला. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे, आणि तेही आठवड्यातून तीनदा! पानांच्या कडा तपकिरी होऊन आत वळल्या आणि 'रोग वाढतोच आहे' असे तुम्हाला वाटले, पण तिसऱ्या छायाचित्रातल्या त्या कडा रोगाने करपलेल्या नाहीत, सोड्याने भाजलेल्या आहेत. सोड्याचा उपयोग होतो, परंतु त्याचे प्रमाण लिटरला सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि चिकटण्यासाठी सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब. शिवाय फवारा वारंवार मारला की त्यातले सोडियम ओघळून बॅगेतल्या मातीत साठते. शेतात ते पसरून जाते, बॅगेत जायला जागा नसते. मी स्वतः सोडा आता वापरत नाही.

निंबोळी तेल तुम्ही भर दुपारी आणि साबणाशिवाय फवारले. साबणाशिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. वर तरंगते, पहिल्या चार पानांवर नुसते पाणी पडते आणि शेवटच्या चार पानांवर शुद्ध तेल. बाजारात निंबोळीच्या नावाने दोन तऱ्हेची उत्पादने मिळतात आणि दोहोंत फरक आहे: एकात निंबोळीतला ॲझाडिरॅक्टिन हा घटक असतो आणि तो मुख्यतः किडींसाठी आहे, दुसरे म्हणजे नुसते तेल, आणि भुरीवर जे थोडेफार काम होते ते तेलाच्या थरामुळे होते. लिटरला 5 मिलि तेल, त्यात साबण आधी फेटून मग पाणी, आणि वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यावरची. तेही रोग नुकताच दिसू लागला असताना. अर्धे पान पांढरे झाल्यावर तेलाचा उपयोग नाही.

आणि ते पिवळे किडे. तुम्ही लिहिता की ते 'पांढऱ्या पानांवरच येतात, हिरव्या पानांवर नाहीत', यावरून रोग तेच पसरवतात असा निष्कर्ष तुम्ही काढला. निरीक्षण उत्तम आहे, अर्थ उलटा लागला. मसुराच्या दाण्याएवढा, पाठीवर एकही ठिपका नसलेला, लिंबासारखा पिवळाधमक आणि मानेजवळच्या पांढुरक्या पट्ट्यावर दोन काळे ठिपके असलेला तो किडा म्हणजे भुरी खाणारा लेडीबर्ड भुंगेरा आहे. तो आणि त्याच्या पिवळसर अळ्या पान खात नाहीत. भुरी चरतात, गाय कुरणात चरते तशा, आणि त्या गेल्या मार्गावर पानाचा हिरवा पट्टा उघडा पडलेला दिसतो. त्यांनी सगळी भुरी संपेल असे नव्हे, पण जे फुकट काम करतात त्यांना मारू नये. विटकरी-तांबूस रंगाचा, पाठीवर पुष्कळ काळे ठिपके असलेला आणि पानाची जाळी करणारा भुंगेरा निराळा, तो खरोखर शत्रू आहे. त्याला सकाळी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. तंबाखूचे पाणी मात्र आजच ओतून टाका. घरगुती असले तरी त्यातले निकोटिन हे तीव्र विष आहे, आणि ज्या वेलीची काकडी मूल तोडून खाते तिथे त्याला जागा नाही.

घरगुती म्हणजे निर्धोक ही समजूत आणखी एका ठिकाणी तपासून पाहावी लागते. तांब्याच्या भांड्यात आठवडाभर आंबवलेल्या ताकाचा फवारा अनेक जण सुचवतात. आंबट ताकात तांबे विरघळते, म्हणूनच ते हिरवट होते. म्हणजे आपण हाताने ताम्रयुक्त बुरशीनाशक तयार करतो, फक्त त्यात तांबे किती आहे हे आपल्याला माहीत नसते. मोजून घेतलेले औषध त्यापेक्षा बरे. ताक वापरायचेच असेल तर मातीच्या किंवा काचेच्या भांड्यातले वापरा.

मग मारायचे काय? भुरीसाठी मी तुम्हाला दुधापासून सुरुवात करायला सांगेन. ऐकायला आजीबाईच्या बटव्यातले वाटेल, परंतु ब्राझीलमधील संशोधक वॅग्नर बेट्टिओल यांनी हरितगृहातील झुकिनीवरच्या भुरीसाठी गाईच्या ताज्या दुधाचे प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध केले आणि दहा टक्के किंवा त्याहून अधिक दुधाचा नियमित फवारा त्यात परिणामकारक ठरला. एक भाग दूध, नऊ भाग पाणी. सकाळी, ऊन पानांवर येऊ लागल्यावर, पानाच्या दोन्ही बाजूंना, आठवड्यातून एकदा. ऊन महत्त्वाचे आहे, कारण दुधातील प्रथिनांवर ऊन पडून जे अल्पजीवी घटक तयार होतात ते बुरशीला इजा करतात असे मानले जाते. दुधाचे प्रमाण वाढवू नका. दूध फार दाट झाले तर पानांवर दुसरीच निरुपद्रवी पण काळपट बुरशी वाढते आणि वासही येतो. पहिले दोन-तीन ठिपके दिसताच सुरुवात केली तर दूध वेलीला तीन-चार आठवडे जादा देते. सगळी पाने पांढरी झाल्यावर टाकलेले दूध मात्र वाया जाते, त्यापेक्षा त्याचे दही लावावे.

दुधाने आवरले नाही तर गंधक. इंग्लंडमधील मार्गेट येथे 1845 मध्ये एडवर्ड टकर नावाच्या माळ्याच्या ध्यानात द्राक्षांवरची भुरी आली आणि त्याने चुना-गंधकाने तिला आवरले. तेव्हापासून आजतागायत भुरीवर गंधक टिकून आहे आणि सेंद्रिय शेतीतही ते चालते. पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम घ्या. तीन पथ्ये पाळा. काकडीवर्गीय वेलींची पाने गंधकाने पोळू शकतात, म्हणून आधी एकाच पानावर मारून दोन दिवस थांबा. तापमान बत्तीस अंशांच्या वर असताना मारू नका. निंबोळी किंवा दुसरे कोणतेही तेल फवारल्यापासून दोन आठवडे गंधक नको, आणि गंधकानंतर तेवढेच दिवस तेल नको. दोन्ही एकत्र आले की पाने करपतात. वेळ दुपारी चारची धरा: काकडीच्या फुलांवरच्या मधमाश्या तोपर्यंत परतलेल्या असतात आणि अंधार पडण्यापूर्वी पाने वाळतात. नाका-तोंडाला रुमाल बांधा.

केवड्यावर यातले काहीही चालत नाही, तिथे तांबे लागते. फ्रान्समधील बोर्डो परगण्यात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागायतदार वेलींवर मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना शिंपडत. 1882 च्या सुमारास पिएर मिलार्दे यांच्या लक्षात आले की बाकीची बाग केवड्याने गेली तरी या निळसर वेली हिरव्या आहेत, आणि त्यातून बोर्डो मिश्रण आले. चार वेलींसाठी मोरचूद आणि चुन्याचा खटाटोप करण्यापेक्षा कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम सोपे पडते. पावसाळ्यात उघडीप पाहून, पिवळे डाग दिसू लागताच मारा, आणि नंतर फळे नीट धुऊन, चोळून घ्या. दरवर्षी दहा-दहा फवारे मात्र नकोत, कारण तांबे मातीतून जात नाही. पावसाळ्यात खरा उपाय मांडवाचाच आहे: जमिनीवर लोळणारा दोडका आणि वाऱ्यावर असलेला दोडका यांच्या पानांत जो फरक पडतो तो बाटलीने भरून निघत नाही.

तुमच्याकडच्या बाटलीविषयी माझे मत स्पष्ट आहे: ती न उघडता परत करा. रसायन म्हणजे पाप असे मी म्हणत नाही. गंधक आणि तांबे हीही रसायनेच आहेत, आणि एकरावर भुरी आली असताना शेतकरी आंतरप्रवाही औषध वापरतो त्यामागे हिशेब असतो. अडचण वेगळी आहे. असे औषध पानात शोषले जाते, धुऊन जात नाही, आणि फवारणी व काढणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते लेबलवर दिलेले असते. काकडी भरात असताना एक दिवसाआड तोडावी लागते, म्हणजे ते अंतर पाळायचे तर तितक्या दिवसांच्या सगळ्या काकड्या फेकाव्या लागतील. आणि पाच वर्षांच्या मुलीला 'या आठवड्यात हात लावू नकोस' सांगून ती ऐकेल यावर तुम्ही विसंबू नये. ज्यांना कधी अशी बाटली घ्यावीच लागेल त्यांनी लेबलवर आपल्या पिकाचे नाव आहे का ते पाहावे आणि कोपऱ्यावर उभ्या चौकोनातला रंगही पाहावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वांत सौम्य. दुकानदाराने तोंडी सांगितलेले प्रमाण बहुधा शेतातल्या मोठ्या फवारणी पंपाचे असते, घरातल्या लिटरभर फवाऱ्याचे नव्हे.

रोगट वेलीची काकडी खाण्यास हरकत नाही. भुरी मुख्यतः पाने, देठ आणि कोवळ्या फांद्यांवर राहते, काकडीच्या सालीवर क्वचितच येते, आणि माणसाला होणारा रोग ती नव्हे. वाहत्या पाण्यात चोळून धुतली की पुरे. ज्यांना बुरशीची ॲलर्जी किंवा दमा आहे त्यांनी पाने खुडण्याचे काम दुसऱ्याला सांगावे. मेथी, पालक किंवा कोथिंबीर यांची पानेच आपण खातो, तेव्हा त्यांवर पांढरे आले असेल तर ती पाने काढून टाकावीत. वेलीची फळे मात्र लहान आणि कडवट होतात ती रोगाच्या विषाने नव्हे, पाने गेल्यामुळे वेल उपाशी राहते म्हणून.

याच कारणासाठी सगळी पाने खुडण्याचा तुमचा उपाय मला सर्वांत महाग वाटतो. अर्धे पांढरे झालेले पानसुद्धा उरलेल्या हिरव्या भागात अन्न तयार करत असते. एका वेळी वेलीच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक पाने काढू नका. जमिनीलगतची, निम्म्याहून अधिक पांढरी पाने आधी घ्या आणि वाढत्या काकडीजवळचे पान शक्य तोवर ठेवा. काढताना पानावर आधी कागदी पिशवी सरकवा आणि मग देठ कापा, नाहीतर झटक्यासरशी पूड शेजारच्या पानांवर उडते. ही पाने जाळण्याची गरज नाही. भुरी जिवंत पानावरच जगते. कंपोस्टच्या डब्यात खाली दाबून वर माती टाकली की ती पानाबरोबरच संपते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नामागे असे गृहीत धरलेले दिसते की वेल रोगाने वाळला म्हणजे बाग फसली. काकडीचे बी तुम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात टाकले, सप्टेंबरअखेरीपासून काकड्या मिळू लागल्या आणि नोव्हेंबरच्या मध्यावर वेल वाळले. म्हणजे वेलीचे वय तीन महिने झाले होते, आणि काकडीचे आयुष्य साधारण तेवढेच असते. थकलेल्या वेलीवर भुरी येते, ती नसती आली तरी दोन-तीन आठवड्यांत वेल निरोप घेणारच होता. पन्नासेक काकड्या दिल्यानंतर गेलेल्या वेलीला मी अपयश म्हणणार नाही. एकदम सगळे बी टाकण्याऐवजी तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-दोन बॅगांत टाका, म्हणजे एक वेल म्हातारा होताना दुसरा फुलावर असेल. फक्त नवी बॅग जुन्या पांढऱ्या वेलीपासून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

भेंडीची उरलेली झाडे आता काढून टाका, थंडीत ती भुरीला धरून ठेवतात आणि देत काही नाहीत. त्या बॅगांत मुळा, पालक, मेथी टाका. मेथीवरही भुरी येऊ शकते, पण पंचवीस-तीस दिवसांत ती ताटात गेलेली असते. वाटाण्यासाठी बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा 'अर्का अजित' हा वाण मिळवा. भुरी आणि तांबेरा या दोहोंना तो प्रतिकार करतो. काकडी पुन्हा जानेवारीच्या अखेरीस लावा. उन्हाळी काकडीला मार्चपर्यंत पानांवर नजर ठेवावी लागते, त्यानंतर कडक ऊन भुरीला आपणच आवरते, तुम्हाला फक्त पाणी सांभाळावे लागेल.

एक काम मात्र जानेवारीची वाट न पाहता करता येईल. एक भाग दूध आणि नऊ भाग पाण्याचा हाच फवारा गुलाबाच्या भुरीलाही चालतो, आणि लिटरभर तयार केला की तुमच्या वेलींना लागून अर्धा उरेल. शेजारच्या बाईंना तो देताना गुलाबांचा काकडीशी संबंध नव्हता हेही सांगा.